साथीचा जमाखर्च

आज गटाच्या बैठकीला बसल्यासारखं बसू या. सतरंजी अंथरली, हजेरी झाली, बचत गोळा झाली. आता जरा मागचं बोलू.

एप्रिल २०२० आठवतोय ना? आमच्या गावच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. शेजारी एक जुनी बैलगाडी आडवी लावलेली आणि तिच्यावर पुठ्ठ्याची पाटी, 'बाहेरच्या माणसांना गावात यायला बंदी'. काट्या पुरुषांनी टाकल्या, पण त्याला हो आम्हीही म्हटलं होतं. पहाऱ्यावरच्या पोरांना चहा आमच्याच घरांतून जायचा.

अशात एक दिवस आमच्या गटातल्या एका ताईची नणंद पुण्याहून आली. नवऱ्याचं बांधकामावरचं काम बंद पडलेलं, खोलीचं भाडं थकलेलं. कडेवर दोन वर्षांचं पोर, निम्मी वाट टेंपोनं आणि निम्मी पायी. तिला आम्ही वेशीवरच थांबवलं. चौदा दिवस मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. खोटं कशाला बोला, भाकरी रोज पोचवली. पण बांधावर ठेवायची आणि मागं फिरायचं. दोन वर्षांनी तिनं सांगितलं, की त्या शेडमध्ये असताना तिला पाळी आली होती. कपडा मागायचा तर ओरडून मागावा लागला असता आणि ऐकायला पहाऱ्यावरची पोरं. तिनं मागितला नाही. पोराचं झबलं फाडलं.

गेल्या महिन्याच्या बैठकीत तिच्या भावजयीनं विचारलं, "आपण तेव्हा केलं ते बरोबर होतं का गं?" एक म्हणाली, "बरोबरच. पहिल्या लाटेत गावात एक माणूस दगावलं नाही." दुसरी म्हणाली, "आणि त्यापायी जे बाकीचं झालं, ते कुणी मोजलं?" त्या दिवशी कर्जाचं बोलणं मागं पडलं. बीएला इतिहास घेतला होता, तेव्हा वाचलेलं बरंच काही आठवलं. कारण आपल्याकडे हा हिशेब पहिल्यांदा मांडायची वेळ सव्वाशे वर्षांपूर्वीच आली होती.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात लोक तापानं फणफणायला लागले. काखेत, जांघेत गाठ यायची आणि चार-सहा दिवसांत माणूस जायचा. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी ओळखलं, की हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग. मुंबई तेव्हा साधारण आठ लाखांची. काही महिन्यांत त्यातली निम्म्याच्या जवळपास माणसं शहर सोडून गेली. गिरणीतले कामगार कोकणात, घाटावर आपापल्या गावी निघाले. रोगही त्यांच्यासोबत निघाला. २०२० साली महामार्गानं चालत निघालेली माणसं आपण पाहिली. तसाच तो लोंढा होता.

सरकारनं ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा केला. अगदी छोटा कायदा. साथ आली की सरकारला वाटेल ते नियम करता येतील. ते न पाळणाऱ्याला शिक्षा होईल. चांगल्या हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. आजारी माणसाला अन्न, औषध आणि मान मिळालाच पाहिजे, असं मात्र त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. मैत्रिणींनो, मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू केला तो हाच कायदा. १२३ वर्षांचा जुना.

प्लेग पुण्यात आला, तेव्हा बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला नेमलं. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर फिरत होत्या. आजारी माणूस सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात न्यायचं. घरातल्या बाकीच्यांना गावाबाहेरच्या छावणीत. घरातल्या वस्तू बाहेर काढून जाळायच्या, भिंती औषधाच्या पाण्यानं धुवायच्या. शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पहारा. कागदावर वाचलं तर यातलं बरंचसं आपल्या ओळखीचं आहे. विलगीकरण, संपर्कातल्या लोकांना वेगळं ठेवणं, निर्जंतुकीकरण, नाकाबंदी. नावं तेवढी नवी झाली.

पण ते घडलं कसं, ते बघा. बूट घालून सोजीर स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. कुलूप असेल तर तोडत. ज्या बाईनं कधी परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिच्या काखेत आणि जांघेत गाठ आहे का, हे बघायचं होतं. बायकांना चारचौघांत तपासलं, अशा तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. सरकारनं त्या नाकारल्या. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी हे अत्याचार तिथल्या वर्तमानपत्रात सांगितले. परत आल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला, तो देता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

आम्ही या गोष्टीपाशी फार वेळ थांबलो. पुरावा म्हणजे काय, तर एखाद्या बाईनं पुढं येऊन, नाव सांगून, मला असं हाताळलं म्हणून साक्ष द्यायची. १८९७ साली कोणती बाई पुढं येणार होती? आज तरी किती येतात? शेडमधली आपली ती नणंद साधा कपडा मागायला दोन वर्षं बोलली नाही. बायकांनी सोसलेल्या गोष्टी कागदावर येत नाहीत, आणि कागदावर नाही म्हणजे घडलंच नाही, असं धरलं जातं.

तरी एक बाई बोलली. पंडिता रमाबाई. त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदनात तेव्हा विधवा आणि दुष्काळातून आणलेल्या मुली राहत होत्या. प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकामुलींचे काय हाल होतात, याबद्दल त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. तो विषय थेट विलायतेच्या पार्लमेंटात गेला. गव्हर्नरनं त्यांचं म्हणणं चुकीचं ठरवलं. पण रमाबाई मागं हटल्या नाहीत.

या जोरजबरदस्तीचा परिणाम काय झाला? लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. माळ्यावर, बळदात, कोठीत. प्रेतंसुद्धा लपवली. दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही, तिथं अंगातून तेल काढतात, अशा अफवा उठल्या. ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईच्या ऑर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला होता. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं. घरच्यांनी नकार दिला आणि त्यातून दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसं मेली. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ती गोष्ट आपण शाळेत शिकलोय. शाळेत आपण ती गोळीपासून शिकतो. पण गोळीच्या आधी तीन महिने घराघरांत काय चाललं होतं, ते आपण बायकांनी वाचायला हवं.

आणखी एक गोष्ट. एवढं सगळं करून रोग कशानं पसरतो, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं, की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून माणसाला होतो. ते सगळ्यांना पटायला पुढं आणखी काही वर्षं गेली. म्हणजे माणसं छावणीत कोंडली, आणि उंदीर या घरातून त्या घरात फिरतच राहिले. त्यांना आपण नावं ठेवायची का? जरा थांबू या. २०२० मध्ये आपणही भाजी मिठाच्या पाण्यात धुतली, नोटा उन्हात वाळवल्या. उत्तर प्रदेशात तर परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारलं. नवा रोग आला की शहाणी माणसंही अंधारात चाचपडतात. चाचपडण्याबद्दल तक्रार नाही. पण अंधारात चालणाऱ्यानं पाऊल हळू टाकावं आणि चुकलं की मागं घ्यावं.

मग बंधनं घालूच नयेत का? असं म्हणणारीही आमच्या बैठकीत होती. तिला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली सावित्रीबाईंची. पुण्यात सोजिरांच्या झडत्या सुरू होण्याच्या तोंडावरची ही गोष्ट. सावित्रीबाईंचा मुलगा डॉक्टर यशवंत यानं पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला माळरानावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. तोही आजाऱ्याला वस्तीपासून दूर नेणंच होतं. पण तिथं न्यायला कोण यायचं? सावित्रीबाई स्वतः. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. पोरगा वाचला. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांनीही रोग्याला वेगळंच केलं. पण रोगी आणि दवाखाना यांच्यामध्ये जी वाट होती, ती त्याच्यासोबत चालल्या.

आपल्या आज्या-पणज्याही सांगायच्या, की घरात उंदीर पडायला लागले की सारा गाव रानात राहायला जायचा. शेतात खोपी बांधायच्या, चूल तिथंच मांडायची, घराला कुलूप. गाव ओस पडायचं. तेही बंधनच होतं आणि प्लेगवर ते चांगलं लागूही पडत होतं, कारण माणूस उंदरांपासून लांब जात होता. पण ते घरच्यांनी मिळून ठरवलेलं होतं. बाईला आपली चूल, आपली माणसं, आपली शेळी सोबत नेता येत होती. पुढं सरकारही शहाणं झालं. जबरदस्तीच्या झडत्या कमी केल्या, त्या त्या समाजाला आपापली रुग्णालयं काढू दिली. पुण्यात टिळकांनीही असं एक प्लेगचं रुग्णालय काढलं. मुंबईत डॉक्टर हाफकिन यांनी लस शोधली होती. जानेवारी १८९७ मध्ये ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. ती घेण्याची सक्ती नव्हती, समजावून द्यायची होती. एवढ्यानं प्लेग गेला असं मात्र नाही. १९०७ या एका सालात देशात दहा लाखांहून जास्त माणसं प्लेगनं मेली. म्हणून जोर सोडला की रोग पळतो, असं सोपं उत्तर आम्ही देत नाही.

दुसरी गोष्ट १९१८ ची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून देशभर पसरली. तेव्हा सरकारनं जवळपास हात बांधून बसणं पसंत केलं. खेड्यापाड्यात डॉक्टर नव्हते, त्यात पाऊस फसलेला, धान्य महाग. मदतीला धावले ते समाजातलेच लोक आणि संस्था. या साथीत देशात एक कोटीहून खूप जास्त माणसं दगावली, आणि पुरुषांपेक्षा बायकांचं मरण्याचं प्रमाण जास्त होतं. घरातल्या आजाऱ्याचं करायचं कुणी? तिनं. उरलंसुरलं खायचं कुणी? तिनं. तेव्हा काहीच न केल्याचीही किंमत असते, आणि ती फेडायला पहिल्यांदा आपल्यालाच उभं करतात. प्लेगच्या साली सरकार घरात घुसलं म्हणून बाई भरडली, इन्फ्लुएंझाच्या साली सरकार फिरकलंच नाही म्हणून भरडली.

आता आपल्या काळाचा जमाखर्च मांडू. आपण गटवाल्या बाया, वहीत दोन बाजू असल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

आधी जमा. २४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला, तेव्हा रोगाचं औषध नव्हतं, लस नव्हती, दवाखान्यात पुरेशा खाटा नव्हत्या. बंदीनं थोडा वेळ मिळाला. त्या वेळात खाटा वाढल्या, तपासण्या वाढल्या, बचत गटांनी लाखो मास्क शिवले. आमच्या गटांनीही शिवले आणि त्यातून काही घरांची चूल पेटली. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळालं. बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले. पुढं २०२१ च्या उन्हाळ्यात, 'गेला रोग' म्हणून सगळे गाफील असताना दुसरी लाट आली आणि ऑक्सिजनसाठी काय धावाधाव झाली, ते आपण पाहिलं. म्हणून जमेची बाजू रिकामी आहे, असं कुणी म्हणू नये.

आता खर्च. एवढा मोठा देश चार तासांच्या सूचनेवर बंद झाला. ८ मे २०२० च्या पहाटे, आपल्याच राज्यात, जालन्याहून औरंगाबादच्या दिशेनं रुळांवरून चालत निघालेले, थकून तिथंच झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते कोरोनानं मेले नाहीत, म्हणून कोरोनाच्या आकड्यात ते नाहीत. २०१९ साली देशात टीबीच्या सुमारे चोवीस लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० साली अठरा लाखांची. टीबी कमी झाला नव्हता, माणसं दवाखान्यापर्यंत पोचलीच नव्हती. आपल्या राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत जवळजवळ बंदच राहिले. बाजार भरत होते, सभा होत होत्या, आणि पोरं घरी. एका घरात एक मोबाईल, तोही भावाच्या हातात. २०१९ मध्ये देशात बालविवाहाचे ५२३ गुन्हे नोंदले गेले, २०२० मध्ये ७८५. हे फक्त नोंदलेले.

न नोंदलेलं एक आम्ही सांगतो. जून २०२० मध्ये आमच्याच एका गटातल्या ताईनं नववीतल्या मुलीचं लग्न लावलं. अंगणात वीस-बावीस माणसं. मांडव नाही, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही. "खर्च वाचला बघा," असं सगळे म्हणत होते. शाळा बंद, पोरगी घरात, बापाची मजुरी बंद. आईचंही चुकलं असं सरळ म्हणवत नाही. पण अक्षता आम्हीही टाकल्या. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर आम्हीच रंगवून घेतला होता. कुणी फिरवला नाही. त्या मुलीला आता दोन लेकरं आहेत.

म्हणून रँडच्या सोजिरांना नावं ठेवताना आमची जीभ जरा अडखळते. वेशीवर काट्या टाकणारे परके नव्हते. बंदी घालणं चूक की बरोबर, एवढंच विचारून हिशेब लागत नाही. बंदीचा फायदा सगळ्या गावाला होतो आणि तिची किंमत मोजतात ती ठरावीक माणसं. बाहेरून परतलेली बाई, गरोदर बाई, टीबीची रोगी, नववीतली पोरगी, नवऱ्याचा मार खाऊन घरातच कोंडलेली. ठरवताना ती बैठकीत नसतात आणि मोजताना वहीत नसतात. १८९७ ला तेच झालं, २०२० लाही तेच.

साथ पुन्हा येणार. कधी, कोणती, ते देव जाणे. आमच्या ग्रामसंघानं मागच्या बैठकीत एक ठराव केला, तो तुम्हांला सांगतो. तुमच्या गटात वाचा, पटला तर घ्या, नाही पटला तर बदला.

गावात कसलीही बंदी घालायची झाली, तर पाच प्रश्नांची उत्तरं आधी द्यावी लागतील. हातावर पोट असलेल्या घरांची चूल किती दिवस पेटेल आणि त्यासाठी धान्य कुठून येणार? बंदी किती दिवसांची आणि चालू ठेवायची का, हे कोणत्या तारखेला पुन्हा ठरवणार? बाळंतपण, रोजच्या गोळ्या, डायलिसिस आणि घरात मार खाणारी बाई, यांच्यासाठी वाट कोणती उघडी राहणार? जिथं माणसं वेगळी ठेवणार, तिथं पाणी, संडास, दिवा, कपडा आहे का आणि बायकांचं बघायला बाई आहे का? आणि पाचवा, खर्चाची वही कोण लिहिणार? आजाऱ्यांचा आकडा आशाताई लिहितील. बाकीचा आपण लिहायचा. कोणत्या पोरीची शाळा सुटली, कुणाच्या गोळ्या चुकल्या, कुणी सावकाराचं काढलं, कुणाचं लग्न ठरलं. नाव बाहेर फोडायचं नाही, पण नोंद ठेवायची. पुन्हा कुणी पुरावा मागितला, तर आपल्याकडे वही हवी.

ठराव झाल्यावर आम्ही चौघी-पाच जणी त्या नणंदेकडे गेलो. ती आता गावातच राहते, शिलाईचं काम करते. तिला सगळं वाचून दाखवलं. चौथा प्रश्न ऐकून ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "वहिनी, त्यात एक आणखी घाला. रोज एकदा कुणीतरी बाईनं बांधावर थांबून दोन शब्द बोलायचं. लांबून का होईना."

ते सहावं म्हणून आम्ही लिहून घेतलं आहे.

बरं, आजच्यापुरतं इथंच थांबतो. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीचं एक पान या कामाला द्या. आपापल्या गावात २०२० साली काय झालं ते म्हाताऱ्या बायांना, माहेरी आलेल्या पोरींना विचारा आणि लिहा. लिहिलेलं केंद्रावर पाठवलंत तर आपण ते इथून वाचू. काळजी घ्या. नमस्कार.